माळवदावरचं प्रोटीन

आधी कायद्याचं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. अमेरिकेत ज्याला बीफ जर्की म्हणतात, म्हणजे गाई-बैलाचं मांस पातळ कापून, मीठमसाला लावून, वाळवून, धुरी देऊन केलेल्या चिवट पट्ट्या, त्या मी केलेल्या नाहीत. महाराष्ट्रात गोहत्येला 1976 च्या कायद्यानं बंदी होतीच, 2015 साली बैल आणि वळूही त्यात आले, आणि मी पडलो पेन्शनवाला माणूस. माझ्या पट्ट्या बोकडाच्या होत्या. बोकडानं माझ्याविरुद्ध तक्रार करावी अशी परिस्थिती नक्की होती, पण कायद्यात तशी सोय नाही.

आमचं उमापूर गेवराई आणि शेवगावच्या मधे. गोदावरी उत्तरेला आहे, पैठणचं धरणही काही फार लांब नाही, पण उन्हाळ्यात आमच्या दारात न चुकता येतं ते ऊनच. एप्रिल लागला की गावातल्या बायका माळवदावर, गच्चीवर, बाजेवर, जिथं जागा मिळेल तिथं कुरडया, पापड, सांडगे घालतात, आणि माझ्यासारखे रिटायर झालेले मास्तर सावलीला बसून कावळे हाकतात. तेवढंच काम मला आयुष्यभर झेपलं असतं. पण त्या वर्षी तालुक्याच्या डॉक्टरांनी माझ्या मांड्या दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "सर, स्नायू उतरायला लागलेत. प्रोटीन वाढवा." हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप वजनाच्या किलोमागं दिवसाला 0.83 ग्रॅम असं आहे. माझं वजन बासष्ट, म्हणजे रोज साधारण एकावन्न ग्रॅम प्रोटीन पाहिजे. माझा आहार म्हणजे ज्वारीची भाकरी, पिठलं, आणि चहात बुडवलेली खारी. खारीत प्रोटीन किती असतं ते मी विचारलं नाही. डॉक्टरांचा चेहरा बघूनच कळलं.

आमचा एक पुतण्या टेक्सासात असतो. व्हिडिओ कॉलवर त्याला हे सांगितलं, तर त्यानं लगेच जर्कीचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. "काका, हे बघा. इथं लोक गाडीत, ऑफिसात, डोंगर चढताना हेच चघळतात. अठ्ठावीस ग्रॅमला नऊ-दहा ग्रॅम प्रोटीन. लोह आहे, जस्त आहे, बी-बारा आहे. फ्रीज लागत नाही." मी चष्मा लावून सगळं वहीत उतरवून घेतलं. मग तो म्हणाला, "आता ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे, नीट ऐका, यात सोडियम..." आणि लाइट गेली. आमच्याकडं लाइट जाते तेव्हा वायफाय जातं, पंखा जातो, आणि माझी जिज्ञासाही जाते. लेबलाचा अर्धाच भाग माझ्यापर्यंत पोचला. पुढं जे काही घडलं ते त्या अर्ध्या लेबलाच्या भरवशावर.

खाटकाकडं जाऊन मी मांडीचं, हाडाशिवाय मटण मागितलं. तो माझा जुना विद्यार्थी. "किती पाहुणे आलेत सर?" मी म्हटलं, पाहुणे नाहीत, वाळवायचंय. त्याचा सुरा हवेत थांबला. शेजारच्या गिऱ्हाइकानं मान वळवून पाहिलं. खाटकानं मुकाट्यानं तोलून दिलं, पण पैसे घेताना म्हणाला, "सर, चरबी काढून देऊ का? ती वाळत नसती." मी त्याला आवाज चढवून सांगितलं की बोकडाची चव चरबीत असते. ज्या पोराला मी सातवीत दोनदा काठावर पास केलं होतं त्यानं मला बरोबर सांगितलं होतं. चरबीतलं पाणी जात नाही, कारण तिच्यात ते फारसं नसतंच. ती वाळण्याऐवजी खवट होते आणि चांगल्या मांसालाही वास लावते. हे मला पुढं नाकानं कळलं.

काप एकसारखे, अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत जाडीचे पाहिजेत, आणि त्यासाठी मटण थोडा वेळ बर्फाच्या कप्प्यात ठेवून घट्ट करून घ्यायचं, हे मी वाचलं होतं. ठेवलंही. पण आठवण झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. मग ते वितळवलं, तर ते जास्त वितळलं, आणि हिनं विळी द्यायला नकार दिल्यामुळं मी भाजीच्या सुरीनं कापायला बसलो. काही पट्ट्यांमधून पलीकडचं दिसत होतं, काही पट्ट्या दोन्ही हातांनी उचलाव्या लागत होत्या. हळद लावली, तिखट लावलं, घरचा काळा मसाला लावला. मीठ किती लावायचं? तीच ओळ लाइटबरोबर गेली होती. मी विचार केला, टिकवायचं तर मीठ सढळ पाहिजे, लोणच्यात नाही का घालत. किलोभर मांसाला चहाचे सात-आठ चमचे मीठ चोळलं. म्हणजे चाळीस ग्रॅमच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, डॉक्टरांच्या खोलीत लागणार आहे.

आता तापमान. अमेरिकेच्या कृषी खात्याचा आग्रह असा, की मांस वाळवायला घालण्याआधी ते आतपर्यंत 71 अंश सेल्सियसला गरम करून घ्यावं, कोंबडी असेल तर 74, आणि मग 54 ते 60 अंशांच्या कोरड्या हवेत वाळवावं. कारण साधं आहे. साल्मोनेला, ई. कोलाय असले जंतू ओल्या मांसात उष्णतेनं लवकर मरतात, पण एकदा का मांस वाळायला लागलं की तेच जंतू चिवट होतात आणि नंतरच्या उष्णतेला दाद देत नाहीत. पटलं मला. पण 71 अंश मोजायचे कशानं? घरात थर्मामीटर एकच, तापाचं, नातवासाठी आणलेलं. मी ते धुऊन, पुसून, कढईतल्या सगळ्यात जाड पट्टीत खुपसलं. ते टीं टीं करायला लागलं आणि त्याच्यावर इंग्रजी एच आलं. तापाचं थर्मामीटर बेचाळीसच्या थोडं पुढं गेलं की हात टेकतं, कारण त्याच्या पुढं रोगी राहत नाही. बाहेर माळवदावरही त्या दिवशी बेचाळीसच होतं. म्हणजे थर्मामीटरच्या मते बोकड आणि बीड जिल्हा दोघंही सारखेच तापलेले होते. ही दारात उभी होती. तिनं थर्मामीटर बघितलं, पट्टी बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "अहो, त्याला क्रोसिन देऊ का?"

माळवदावर सुतळी बांधून मी पट्ट्या कपड्यांच्या चिमट्यांनी टांगल्या. माशा बसू नयेत म्हणून वरून नातवाची मच्छरदाणी. खाली राखेची रेघ ओढली, मुंग्यांसाठी. घारींसाठी मी स्वतः, हातात छत्री घेऊन. सगळी व्यवस्था चोख होती. फक्त वावटळीचा विचार कुणी केला नव्हता. दुपारी साडेतीनच्या सुमाराला ती खालच्या रानातून उठली, मच्छरदाणीला कवेत घेतलं, चिमट्यांसकट सुतळी तोडली, आणि पट्ट्या शेजारच्या गच्चीवर नेऊन टाकल्या. शेजारी माळकरी आहेत. पंढरीची वारी चुकवत नाहीत, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. त्यांच्या बाजेवर धुतल्या लुगड्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडया पसरलेल्या होत्या, आणि त्यांतल्या एका कुरडईच्या बरोबर मध्यावर माझी हळद लावलेली, दोन्ही हातांनी उचलावी लागणारी पट्टी.

मी शिडी उतरून, त्यांचा जिना चढून पोचेपर्यंत ते माळकरी बाबा वर आलेले होते. ते रागावतील, ओरडतील, गाव गोळा करतील अशी तयारी करून मी मान खाली घातली. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी बाजेचे चार कोपरे बघितले, लुगड्याची टोकं उचलून कुरडयांची मोटली बांधली, ती आमच्या माळवदाच्या कठड्यावर ठेवली आणि खाली जाऊन हातपाय धुतले. मग मला म्हणाले, "चहा घेणार का सर?" हिनं पुढच्या आठवड्यात त्यांच्याच घरच्या गव्हाचा चीक काढून नव्या कुरडया त्यांच्याच भांड्यात करून दिल्या. माझ्याशी ती बोलत होती, पण फक्त आकड्यांत. गहू इतका, दिवस इतके, पाठ इतकी दुखते.

एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण धुरी राहिली होती.

पुतण्याच्या पाकिटावर धुराच्या चवीचं कौतुक लिहिलं होतं. धुराचा उपयोग नुसता चवीपुरता नाही. त्यातल्या द्रव्यांमुळं मांसाच्या वरच्या थरावर जंतू वाढायला अडचण होते आणि चरबी खवट व्हायला वेळ लागतो. अडचण अशी, की त्याच धुरात बेंझोपायरीनसारखी कॅन्सरला आमंत्रण देणारी द्रव्यंही असतात, आणि चरबी विस्तवावर ठिबकली की ती वाढतात. माझ्या पट्ट्यांना चरबी भरपूर होती, हे तुम्हाला आठवत असेल. धुरासाठी बंद जागा लागते. आमच्याकडं पत्र्याची ज्वारीची कोठी आहे, उन्हाळ्यात ती रिकामी होते. आत तारेवर पट्ट्या टांगल्या, खाली घमेल्यात निखारे, वर कडुलिंबाच्या ओल्या डहाळ्या. लिंब औषधी, असं माझं साधं गणित. आमच्याकडं लिंबाचा धूर संध्याकाळी गोठ्यात करतात, डास जावेत म्हणून. पट्ट्यांना चव आली ती बरोबर संध्याकाळच्या गोठ्याची. कोठीलाही आली. पुढं तिच्यात ज्वारी भरली तेव्हा ज्वारीला आली, आणि त्या वर्षी आमच्या घरातली प्रत्येक भाकरी धुरकट निघाली. पाहुणे कौतुकानं विचारायचे, "चुलीवरची का?" ही "हो" म्हणायची. त्या एका "हो"साठी मी तिचा जन्माचा ऋणी आहे.

धूर बघून मागच्या गल्लीतली म्हातारी आली. वय तिलाच माहीत नाही, पण सगळं गाव तिला आजी म्हणतं. तिनं कोठीचं दार उघडलं, एक पट्टी काढली, दोन्ही टोकं धरून हळू वाकवली. पट्टी वाकली, वरून थोडी तडकली, आत पांढुरके धागे दिसले, पण तुटली नाही. "ही झाली," म्हणाली. दुसरी, जाड, घेतली, ती नुसती वाकली. "ही कच्ची हाय. ही खाऊ नगा, पोट धरून बसाल." गंमत अशी, की पट्टी वाकवून बघायची, तडकली पाहिजे पण तुटता कामा नये, हीच परीक्षा अमेरिकेच्या कृषी खात्यानंही छापलेली आहे. मी ती इंग्रजीत वाचून काढली होती. आजीकडं ती हातात होती.

"आजी, तुम्हाला हे कसं माहीत?"

"आमच्या सासूच्या हाताला व्हतं. चान्या म्हणायची ती. गावातला बैल मेला का वाटा यायचा. एवढं एकदम कसं सरंल? मग मीठ-हळद लावून दोरीवर टाकायच्या, आन पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून नायतर कोरड्यासात टाकून खायच्या. मग बाबासायबानं सांगितलं, मेल्या जनावराचं खाऊ नगा. सोडलं." थोडं थांबून तिनं माझ्याकडं, मच्छरदाणीकडं, कोठीकडं बघितलं. "आमी भूक व्हती म्हणून वाळवत व्हतो, सर. तुमाला काय झालंय?"

1927 साली महाडला बाबासाहेबांनी ते सांगितलं, हे मी शाळेत मुलांना सनावळीसकट शिकवलं होतं. सोडलं म्हणजे काय सोडलं आणि ते ज्या घरात सोडलं त्या घरात त्या रात्री काय शिजलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे 2015 साली आलेलं पुस्तक याच मराठवाड्यातल्या स्वयंपाकाचं आहे. चान्या, रक्ती, वजडी, सगळं त्यात आहे. 2024 मध्ये ते इंग्रजीतही गेलं. माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर जे माहीत होतं ते शोधायला मी टेक्सासला फोन लावला होता, आणि तोही लाइट गेल्यावर अर्धवट.

पट्ट्या मी खाल्ल्या. टाकवत नव्हत्या, पैसे गेले होते. आजीनं पास केलेल्या तेवढ्याच बरणीत भरल्या, रोज चहाबरोबर एक मूठ चघळायची. दात हलले, एक तर कायमचा हलला, पण प्रोटीन पोटात जात होतं या समाधानात मी होतो. मांसातलं लोह शरीरात पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज मुरतं आणि बी-बारा तर झाडापानांत जवळजवळ नसतंच, हेही मी हिला रोज ऐकवत होतो. मग सकाळी उठताना डोकं जड व्हायला लागलं. बुटाचे पट्टे घट्ट व्हायला लागले. गेलो डॉक्टरांकडं.

त्यांनी पट्टा बांधून रक्तदाब घेतला, परत घेतला, आणि यंत्र बदलून पुन्हा घेतला.

"सर, लोणचं?"

"बंद."

"पापड?"

"बंद. शेजाऱ्यांच्या कुरडयासुद्धा बंद."

"मग काय खाताय?"

मी खिशातून कागदात गुंडाळलेली पट्टी काढून अभिमानानं त्यांच्या टेबलावर ठेवली. ती त्यांनी नाकाशी नेली, लांब धरली, आणि विचारलं, किलोला मीठ किती? मी आकडा सांगितला. त्यांनी चिठ्ठीच्या मागं लिहायला सुरुवात केली. मांसात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं, वाळून किलोचं चारशे ग्रॅम होतं. पाणी उडालं, मीठ नाही उडालं. चारशे ग्रॅममध्ये चाळीस ग्रॅम मीठ, म्हणजे दहा टक्के. पन्नास ग्रॅम खाल्लं की पाच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि ते मी चहाबरोबर संपवून वर जेवत होतो. कारखान्यातल्या जर्कीत शंभर ग्रॅमला साधारण 1.8 ग्रॅम सोडियम, म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ. तेही काही कमी नव्हे. पण माझी जर्की तिच्या दुपटीच्या वर गेली होती. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. हे त्रैराशिक आहे. सातवीला असतं.

मग त्यांनी दुसरी बाजू सांगितली, आणि तिथं मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. 2015 च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं खारवलेलं, धुरी दिलेलं, मुरवलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, तंबाखू आहे त्याच गटात. रोज पन्नास ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. हे ऐकून घाबरायच्या आधी दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. म्हणजे जर्कीची पट्टी आणि बिडी सारख्याच घातक आहेत असा त्याचा अर्थ होत नाही. दोन, 18 टक्के ही मूळ धोक्यावरची वाढ आहे. शंभरातल्या पाच जणांना होणार असेल तर सहाच्या अलीकडं जातं, तेवीसवर नाही. पोरांना शेकडेवारी शिकवताना हीच चूक मी लाल शाईनं गोल करायचो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे सर. पण तुम्ही रोज खाताय."

उरलेली बरणी मी आजीला दाखवायला नेली. पहिल्या पावसाच्या दमट हवेत तिच्यात पांढरी बुरशी धरली होती, कारण पट्ट्या गरम असतानाच झाकण लावलं होतं. आजीनं ती उकिरड्यावर ओतायला लावली आणि पदराच्या गाठीतून मूठभर फुटाणे काढून माझ्या हातावर ठेवले. शंभर ग्रॅम फुटाण्यांत वीस ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, शेंगदाण्यांत पंचवीसच्या आसपास, एका अंड्यात सहा. त्यांच्यामागं घार लागत नाही, आणि वावटळीत ते शेजाऱ्याकडं गेले तरी शेजारी खाऊन टाकतो. बी-बारा मात्र फुटाण्यांत नाही, त्यासाठी दूध, अंडी नाहीतर अधूनमधून ताजं मटण आहेच.

तर माझं मत विचाराल तर असं. तब्येत धडधाकट असेल, रान तुडवायचं असेल, तर वाळवलेल्या मांसाची पट्टी कधीमधी खायला हरकत नाही, थोड्यात पुष्कळ ताकद आहे तिच्यात. बीपी असेल, किडनीची तक्रार असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नका. आठवडी बाजारातल्या खारवलेल्या मासळीलाही हाच नियम, तीही मिठातच मुरलेली असते. आणि तुमच्या गावात चान्या केलेली, निदान करताना बघितलेली कुणी म्हातारी अजून असेल, तर एक दुपार तिच्याजवळ बसून तिची रीत लिहून घ्या. मिठाचं मापही तिलाच विचारा. मला फोन केलात तर मी सांगीन, आणि लाइट असेल तर पूर्ण सांगीन.